नाडा तसाच राहतो, नेफा उसवतात : मनगटाच्या ऑपरेशनविषयी



कंबरदुखीवर बोललो त्यानंतर गटांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. मला वाटलं, कंबरेच्याच असतील. निघाल्या बऱ्याचशा हाताच्या. कुणी लिहिलंय, नस चढलीय. कुणी म्हणतं, लचक भरलीय ती उतरतच नाही. एका ताईंनी सरळ लिहिलंय : "अंगठ्याच्या मुळापाशी, मनगटाच्या कडेला कळ मारते. भाकरी थापता येईना, लेकरू उचलता येईना. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाकू. करू का?"

आज एवढ्या एका प्रश्नावर बोलते. मी फिजिओथेरपीचं काम करते. ऑपरेशन मी करत नाही, पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर असे दोन्ही वेळचे हात माझ्यासमोर येतात, त्यावरून बोलतेय.

आपल्या बीड जिल्ह्यात ऑपरेशन म्हटलं की बाई दचकते, आणि तिचं दचकणं खोटं नाही. २०१९ साली गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा विषय विधिमंडळात गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांतल्या कितीतरी जणींना दुसरा उपाय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे मनगटाचं ऑपरेशन म्हटल्यावरही बाईच्या मनात पाल चुकचुकते. मग दोन गोष्टी होतात. एक जण डॉक्टर म्हणाले म्हणून पहिल्याच भेटीत हात पुढे करते. दुसरी भिऊन दोन-दोन वर्षं दुखणं अंगावर काढते, डाव्या हातानं भाकरी करायला शिकते. दोन्हींत नुकसान बाईचंच. हे ऑपरेशन लहान आहे, चांगलं आहे. पण त्याचा नंबर तिसरा आहे. पहिल्या दोन पायऱ्या चढल्याशिवाय तिसरीवर पाय ठेवायचा नाही, आणि तिसरीवर पोचलात तर भिऊन मागं फिरायचं नाही.

आधी दुखणं काय आहे ते समजून घेऊ. परकराचा नेफा डोळ्यांपुढे आणा. नेफ्यातून नाडा कसा सळसळ सरकतो! आपल्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला हाडाचा एक उंचवटा लागतो, बोटानं चाचपून बघा. त्या उंचवट्यावर असाच एक नेफा आहे आणि त्यातून दोन नाडे जातात. एक अंगठा बाजूला ओढतो, दुसरा अंगठा सरळ करतो. डॉक्टर त्या नाड्यांना कंडरा म्हणतात. अंगठा ताणून, मनगट वाकवून तेच काम दिवसभर झालं, की नेफ्याचं कापड सुजतं, जाड होतं, आतली जागा आखडते. नाडा सरकताना घासतो. तीच ती कळ. हाड मोडलेलं नसतं, नस चढलेली नसते, आणि वातही नसतो.

फ्रिट्झ द केरवां नावाच्या स्वित्झर्लंडच्या सर्जननं १८९५ साली हे दुखणं नीट लिहून ठेवलं, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर त्याचंच नाव असतं, डी क्वेर्व्हेन. पण त्याच सुमाराच्या इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकात याला धुणं धुणाऱ्या बाईची लचक असं म्हटलंय. मला ते नाव जास्त पटतं. धुणं पिळणं, भाकरी थापणं, म्हशीची धार काढणं, खुरपणी, कापूस वेचणं, आणि हिवाळाभर कोयता. आपल्याकडे बाईच्या हातचं यातलं कोणतं काम अंगठ्याशिवाय होतं? पुरुषांपेक्षा बायकांना हे जास्त होतं, आणि बाळंतपणानंतर तर फारच. लेकराच्या काखेत दोन्ही अंगठे घालून आपण त्याला दिवसातून पन्नासदा उचलतो. शिवाय त्या दिवसांत अंगात सूजही असते.

आता रेडिओजवळ बसलात तसा हात पुढे करा. अंगठा तळहातावर मुडपा आणि त्यावर चार बोटांची मूठ झाका. आता मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. हळू, जोर लावू नका. मनगटाच्या कडेला त्या उंचवट्यावर झटक्यात कळ गेली, तर हेच दुखणं असण्याची शक्यता बरीच आहे. थोडा ताण मात्र सगळ्यांनाच जाणवतो, तेवढ्यानं घाबरू नका. दुखणाऱ्या हाताची दुसऱ्या हाताशी तुलना करा.

काही दुखणी याच्यासारखी दिसतात पण वेगळी असतात. रात्री बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं, तर ती दबलेली नस असते. तिचं ऑपरेशन वेगळं, जागाही वेगळी. हातावर पडला असाल आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर एक्स-रे काढा, तिथं एक बारकं हाड असतं, त्याची चीर लपून राहते. आणि जागा लाल, गरम, सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिली पायरी म्हणजे आराम. आराम म्हटलं की बायका हसतात, मला माहीत आहे. म्हणून मी आराम म्हणत नाही, अंगठ्याला सुट्टी म्हणते. चार ते सहा आठवडे अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा पट्टा लावायचा. इथं बऱ्याच जणी फसतात. मेडिकलमधून मनगटाला गुंडाळायची नुसती पट्टी आणतात, ती कितीही आवळली तरी अंगठा मोकळाच राहतो आणि नाडा घासतच राहतो. दुकानदाराला सांगा, अंगठा धरणारा पट्टा पाहिजे. सोबत सुजेच्या गोळ्या डॉक्टर देतील. त्या जेवणानंतर, आणि सांगितलेत तेवढेच दिवस. बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी दहा मिनिटं ठेवा.

कामाची रीत बदला. धुणं पिळायचं तर नळाला पीळ घाला, दोन्ही टोकं एका बाजूनं धरून ओढा, मनगट फिरवू नका. लेकराला काखेतून उचलण्याऐवजी तळहात वर करून ढुंगणाखाली आणि मानेखाली घाला, सुपानं उचलल्यासारखं. खुरप्याच्या मुठीला चिंधी गुंडाळून ती जाड करा, बारीक मुठीवर अंगठा जास्त आवळावा लागतो. कळशी बोटात अडकवून नेण्यापेक्षा कमरेवर घ्या.

आणि चोळू नका. लचक उतरवणाऱ्याकडे जाऊन अंगठा ओढून घेऊ नका. सुजलेल्या नेफ्यातून नाडा हिसडून ओढला तर सूज वाढणार, दुसरं काय होणार? बिब्ब्याचा डाग तर मुळीच देऊ नका. बिब्ब्यानं भाजलेलं मनगट घेऊन बाई आली, की आम्हाला आधी ती जखम बरी करावी लागते, मग दुखणं बघायचं. आणि त्या जखमेतून पू झाला तर ऑपरेशनही लांबतं.

बाळंतिणींसाठी एक वेगळी गोष्ट. लेकरू अंगावर पीत असतानाचं हे दुखणं पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप ओसरतं. त्यामुळे ओली बाळंतीण असेल आणि कुणी लगेच ऑपरेशनचं बोललं तर पट्टा लावून थांबायला हरकत नाही. सासूबाई ऐकत असतील तर त्यांनाही सांगते, सुनेच्या हातचं पिळायचं धुणं तेवढे दिवस दुसऱ्या कुणाकडे द्या. औषधापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

दुसरी पायरी इंजेक्शनची. हे दंडात किंवा कमरेत द्यायचं इंजेक्शन नाही, थेट त्या नेफ्यात देतात. त्यात सूज उतरवणारं स्टिरॉइड असतं आणि बधिर करणारं औषध. निम्म्याहून जास्त जणींचं दुखणं एका इंजेक्शनात थांबतं, फरक पडायला एक-दोन आठवडे लागतात. दुखणं परत आलं तर दीड-दोन महिन्यांनी दुसरं देतात. त्यानंतर मात्र पुन्हा पुन्हा घेत बसू नका, कंडरा अशक्त होऊ शकतो. तीन-चार-पाच इंजेक्शनं घेतलेला हात दिसला की मला राग येतो, तिथं ऑपरेशन केव्हाच व्हायला हवं होतं.

इंजेक्शनच्या जागी कधी कधी कातडी पांढुरकी पडते किंवा खळगा पडतो. बायका घाबरतात, कोड फुटलं म्हणतात. ते कोड नव्हे, ते पसरत नाही, बहुतेक जणींचं काही महिन्यांत कमी होतं. पण लग्नाची मुलगी असेल तर हे आधीच सांगितलेलं बरं. साखरेचं दुखणं असलेल्या बाईची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. दिवस गेलेत का, लेकरू पितंय का, हेही सांगा.

मग इंजेक्शन काहींना लागू का पडत नाही? इथं पुन्हा नेफा आठवा. बऱ्याच जणींच्या हातात या नेफ्यात मधे लांबीला एक शिलाई असते. म्हणजे दोन नाड्यांना दोन वेगळे कप्पे. औषध एका कप्प्यात जातं, दुसरा तसाच कोरडा राहतो. ही जन्मापासूनची ठेवण आहे, त्यात तुमचा दोष नाही आणि डॉक्टरचाही नाही. सोनोग्राफीत ती बऱ्याचदा दिसते. सोनोग्राफीत बघून इंजेक्शन दिलं तर नेमकं त्या कप्प्यात देता येतं.

आता तिसरी पायरी. पट्टा झाला, एक-दोन इंजेक्शनं झाली, तीन ते सहा महिने गेले आणि तरी कळ आहे, किंवा अंगठा हलवताना अडकतो, तर ऑपरेशनचा विचार करायचा. यात कंडरा कापत नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा सांगते, कारण नस कापणार, हात लुळा पडणार अशी भीती घराघरात आहे. कंडरा कापत नाहीत. नाडा तसाच राहतो, वरचा नेफा लांबीला उसवतात. नाडा मोकळा होतो. एवढंच ऑपरेशन.

यासाठी बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. मनगटाची जागा बधिर करतात, तुम्ही जाग्या असता, डॉक्टरशी बोलू शकता. दंडावर बीपी मोजायच्या पट्ट्यासारखा पट्टा फुगवतात, म्हणजे रक्त येऊन नजर अडत नाही. तो पट्टा आवळतो, ऑपरेशनपेक्षा तोच जास्त दुखला असं बायका येऊन सांगतात. काही सर्जन बधिर करायच्या औषधातच रक्त थांबवणारं औषध मिसळतात, मग पट्टा लागत नाही, आणि ऑपरेशन चालू असताना अंगठा हलवून दाखवा म्हणतात. अंगठा मोकळा सरकला की तिथंच दोघांनाही कळतं. हे सगळं अर्ध्या तासाच्या आसपास होतं. संध्याकाळी बाई घरी.

करायच्या रीती दोन-तीन आहेत. नेहमीची म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरची चीर. काही सर्जन ती आडवी घेतात, मनगटाच्या घडीत व्रण लपतो. काही उभी घेतात, खालची नस चांगली दिसते म्हणून. दोन्ही चालतात, ज्या हाताला ज्या रीतीची सवय आहे ती चांगली. दुसरी रीत, नेफा उसवल्यावर तो सैल करून पुन्हा जोडायचा, म्हणजे नाडा जागेवरून घसरू नये. ती काही ठरावीक हातांना लागते. तिसरी दुर्बिणीची, छोट्या छिद्रातून. ती मोठ्या शहरांत थोड्या ठिकाणी होते. चीर लहान, पण आपल्याकडच्या बाईनं त्यासाठी पुण्या-मुंबईला जाऊन कर्ज काढावं असं मला वाटत नाही. साध्या रीतीनंही दहातल्या नऊ जणींचा हात बरा होतो.

दहावीचं काय होतं, हेही सांगायला पाहिजे. या जागी कातडीखाली लगेच एक बारीक नस असते, अंगठ्याच्या पाठीची जाणीव तिच्यातून येते. ती ओढली गेली तर काही आठवडे मुंग्या येतात. कापली गेली तर जागा बधिर राहते, किंवा नुसती बांगडी लागली तरी करंट बसल्यासारखं होतं, आणि ते बरं करणं अवघड. दुसरं, मधली शिलाई सर्जनच्या ध्यानात आली नाही तर एकच कप्पा उघडतो आणि दुखणं तसंच राहतं. तिसरं, नेफा पार कापून काढला तर मनगट वाकवताना कंडरा हाडावरून टकटक घसरतो. म्हणून तो एका कडेनं उसवून दुसरी कड राखतात. बाकी मग जखम चिघळणं, व्रण काही महिने हुळहुळा राहणं, हे कुठल्याही ऑपरेशनात होतं.

म्हणून सर्जनला तोंडावर विचारायचं. माझं इंजेक्शन झालं का, नसेल तर का नाही? भूल कोणती देणार? नस जपणार ना? दोन कप्पे आहेत का ते बघणार ना? एकूण खर्च किती, तो कागदावर लिहून द्या. संमतीपत्र मराठीत मागा, वाचता येत नसेल तर गटातल्या पोरीला सोबत न्या, वाचून झाल्याशिवाय अंगठा उठवू नका. एवढं विचारल्यावर डॉक्टर चिडले तर दुसरा डॉक्टर बघा. हे तातडीचं ऑपरेशन नाही. आठ दिवसांनी काही बिघडत नाही. "आजच करून टाकू, उद्या महाग पडेल" असं कुणी म्हणालं तर तिथून उठलेलं बरं.

दुसरं मत कुठे घ्यायचं? परळीत उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथं आधी दाखवा. आणि आपल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ग्रामीण भागासाठीच काढलेलं. तिथल्या हाडांच्या विभागात केसपेपर काढून दाखवा. जुने कागद, इंजेक्शन कधी दिलं त्याची तारीख, सोबत न्या. खासगी दवाखान्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, हे ऑपरेशन योजनेत बसतं का. ऑपरेशन झाल्यावर विचारून काही हाती लागत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढावी लागते. दोन्ही हात रिकामे करायची गरज नाही, दुसऱ्या हातात बांगड्या राहू द्या, कुणी काही म्हणणार नाही. पुढे व्रण हुळहुळा असेपर्यंत काचेच्या बांगड्या घालूच नका. दोन्ही हात दुखत असतील तरी एका वेळी एकच हात करा. दोन्ही हात बांधलेल्या बाईला घोटभर पाणी कोण पाजणार, याचा विचार डॉक्टर करत नाहीत, आपण करायचा.

घरी आल्यावर हात उशीवर उंच ठेवा. अंगठा पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून हळूहळू हलवायचा, बांधून गप्प ठेवायचा नाही. हे ऐकून घरचे ओरडतात, टाके तुटतील म्हणतात. नाही तुटत. हलवला नाही तर आत चिकटतो, आणि मग माझ्याकडे महिनाभर चकरा. जखम कोरडी ठेवा. दहा ते चौदा दिवसांनी टाके काढतात. तोवर वेणी घालणं, चहा करणं, पोळपाटापाशी बसून सांगणं एवढंच. जखम भरली की रोज पाच मिनिटं खोबरेल तेलानं व्रण हलकेच चोळा, हुळहुळेपणा लवकर जातो. पिळणं, थापणं, खुरपणं, भरलेला हंडा उचलणं सहा आठवड्यांनंतर. कोयता त्याच्याही पुढे, आणि पहिला आठवडा अर्धा दिवस.

फडावर जाणाऱ्या बायांना वेळेची सगळ्यात मोठी अडचण आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर असते, बाईचा हात बसला की अख्खा कोयता बसतो. म्हणून दसऱ्याला टोळी निघायच्या तोंडावर हे ऑपरेशन करू नका, सहा आठवडे मिळत नाहीत. पाडव्याच्या आसपास परत आलात की दाखवा, म्हणजे आषाढातल्या खुरपणीपर्यंत हात तयार होतो. दुखणं पावसाळ्यात सुरू झालं असेल तर भादव्यातच पट्टा लावा, लागलं तर इंजेक्शन घ्या, आणि पट्टा फडावर सोबत न्या. मोळी बांधायचं आणि वाढं गोळा करायचं काम तेवढे दिवस तुम्ही धरा, तोडणी नवऱ्याकडे. मोळी बांधतानाही गाठ अंगठ्यानं आवळण्याऐवजी पायानं दाबून ओढा.

ऑपरेशन होऊन आधीच निघावं लागलंच, तर टाके काढायची तारीख आणि ऑपरेशनचा कागद पिशवीत ठेवा. फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कागद दाखवला की टाके काढून देतात, कर्नाटकात असाल तरी.

पुढच्या वेळी बोट वाकलेलं अडकून बसतं, त्यावर बोलू. चिठ्ठ्या पाठवत राहा. नमस्कार.